चोरून पाणी पिणारं झाड

खोली दाखवण्याआधी त्यांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला, "दोघी बी रोज आंघोय करता न?"

मी तेव्हा अमरावतीला मुलींच्या शाळेत नव्यानेच लागले होते. बरोबर आई. वडील गेल्यापासून आम्ही मायलेकी राजापूरकडे चुलत्यांच्या घरी राहत होतो, म्हणजे आई त्यांच्या चुलीशी आणि मी त्यांच्या पोरांच्या अभ्यासाशी. नोकरीचं पत्र आलं तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली आणि पुन्हा या उंबऱ्यात आणू नकोस, एवढंच मागितलं. पण अमरावतीत खोली मिळेना. जो तो घरमालक आधी विचारी, "घरात पुरुष माणूस कोण?" कोणी नाही म्हटलं की नेमके त्याच्याकडे पाहुणे येणार असत. आठ दिवस आम्ही एका ओळखीच्यांच्या ओसरीवर काढले. शाळेतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, राहण्याचं जमत नसेल तर तसं सांगा, दुसरी कोणी पाहू.

आणि इथे हा उंच, वाळलेला, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेला म्हातारा पुरुष माणसाचं नावही न काढता आंघोळीचं विचारत होता. आईला तो निव्वळ चावटपणा वाटला. पदर घट्ट करून ती म्हणाली, "रोज म्हणजे काय? दोन्ही वेळा करतो आम्ही."

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. "मंग आजच या राहाले," असं म्हणून त्यांनी किल्ली आईच्या हातात ठेवली.

सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणत असे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. ते सरकारी मोजणी खात्यात होते. सारी नोकरी अकोल्याच्या बाजूला, शेताशेतांतून साखळी ओढत गेली. कुणाच्या शेताची हद्द कुठवर ते मोजायचं आणि धुरा आखून द्यायचा, हे काम. धुरा म्हणजे शेताचा बांध. वऱ्हाडात धुऱ्यावरून सख्ख्या भावांची डोकी फुटतात. काकाजींनी आखलेला धुरा पुन्हा कोणी मोजायला लावला नाही, ही त्यांच्या आयुष्याची मिळकत होती आणि ती ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत.

अकोल्याकडे पूर्णेच्या काठच्या गावांना विहिरीचं पाणी खारं. तिथे काकाजींनी बाग करायचा किती वेळा प्रयत्न केला त्याला गणती नाही. "तीस वर्सं म्या तुळशीले बी खारं पानी पाजलं," ते म्हणत, "थे काय आशीर्वाद देईन मले?" निवृत्त झाल्यावर त्यांनी अमरावतीला राजापेठेच्या पलीकडे हे घर घेतलं, तेही घराच्या आत पाऊल न टाकता. आधी विहिरीवर गेले, ओंजळभर पाणी प्याले, आणि बाहेरूनच सौदा पक्का करून आले. घराला स्वयंपाकघर किती लहान आहे हे त्यांच्या बायकोला, काकूंना, सामान उतरवताना कळलं. त्यावरून त्या बोलायच्या थांबल्या नव्हत्या.

अंगण त्यांनी शेत मोजावं तसं मोजून घेतलं होतं. साखळी टाकून वाफे पाडले, फुटक्या कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, काठा लावल्या, आणि प्रत्येक बिऱ्हाडाच्या न्हाणीपासून खापराची नाली काढून तिला असा उतार दिला की पाणी थेट एकेका झाडाच्या बुडाशी जावं. आमच्या न्हाणीवर केळी होती. पलीकडच्या बिऱ्हाडातले गृहस्थ बडनेऱ्याला रेल्वेत होते, त्यांच्या वाट्याला लिंबू. ते ड्यूटीवरच आंघोळ उरकत, त्यामुळे लिंबाची हाडं निघाली होती आणि काकाजी त्यांच्याशी तुटकपणे वागत. झाडांवरून त्यांना माणसं वाचता येत. "मास्तरीनबाई, काल केस धुतले वाटते," ते मला भर अंगणात म्हणत, "केळीच्या बुडाशी शिकेकाईचा फेस आहे." पहिले दोन महिने मी लाजेने अर्धमेली झाले. मग सवय झाली.

पाहुणा आला तर त्याने मोगऱ्यापाशी पाय धुवावेत असा दंडक होता. पायांवर नुसतं पाणी शिंपडणाऱ्याला काकाजी बसायलाही सांगत नसत. एकदा त्यांनी साहेबाच्या बंगल्यावर असते तशी हिरवळ केली. हरळी रुजवली, मधोमध दोन खुर्च्या मांडल्या. पावसाळाभर ती झकास दिसली आणि चैत्रात करपून तिची चटई झाली. तरी ते रोज पाचला त्या उघड्या मातीत खुर्ची टाकून बसत. कोणी हसलं तर म्हणत, "मेली नाही थे. खाली गेली. येईन वरतं." मृगात ती खरंच वर आली. हसणाऱ्यांत मी होते, हे इथे कबूल करते.

पण त्यांचा खरा ऋतू वैशाख. आमच्या कोकणात उन्हाळा म्हणजे घाम. वऱ्हाडातला उन्हाळा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, ही माणसं इथे राहतात ते कुणाच्या तरी शापामुळे. सकाळी नऊनंतर दार उघडलं की झळ तोंडावर येई. विहीर तळाला जाई. अशा वेळी काकाजी ओळखीपाळखीतून जमवलेल्या जुन्या छत्र्या माळ्यावरून काढत आणि बांबूच्या काठ्यांना बांधून एकेका गुलाबावर उभ्या करत. वीसपंचवीस काळ्या छत्र्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटे, या घरात कोणी गेलं आहे आणि माणसं बाहेर बसली आहेत. दोनदा तर लोक खरंच विचारायला आले. स्वतः काकाजी मात्र डोक्याला ओला शेला गुंडाळून त्यातच फिरत. काकू म्हणत, "यायले ऊन लागलं त चालते. गुलाबाले लागू नये."

एवढी माया असलेला माणूस आपल्याच चार झाडांना पाण्यावाचून मारतो आहे, हे आईने पाहिलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

अंगणाच्या एका बाजूला चार संत्री होती. चैत्र सरता सरता काकाजींनी त्यांची आळी उकरली, मुळं उघडी केली आणि पाणी बंद करून टाकलं. संत्रं पिकवणाऱ्या गावांत याचं कोणाला नवल नाही. याला ताण देणं म्हणतात. महिना दीड महिना झाड उपाशी ठेवायचं, पानं वळू द्यायची, निम्मी गळू द्यायची. मग मृगाचं पाणी पडलं की ते झाड जिवाच्या आकांताने फुलतं. पाणी देत राहिलं तर नुसता पाला. हे मला शाळेतल्या शिपायाने समजावलं. काकाजींनी समजावलं नाही, कारण हे ठाऊक नसलेलं माणूस जगात असेल अशी त्यांना शंकाच आली नव्हती.

त्या दिवसांत ते स्वतःही चहा सोडत. "झाडायले पानी नाही त मले चहा नाही." न्याय म्हणून हे उत्तम होतं, पण चहावाचून त्यांचा स्वभाव असा काही होई की रेल्वेवाले गृहस्थ मागच्या दाराने ये-जा करत. "झाडायले ताण अन् मले ताप," असं काकू म्हणत.

मी आईला ताणाचं सगळं नीट सांगितलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "उपास माणसाने करावा. झाडाला कशाला घालायचा?"

"आई, तसं केलं तरच फळ धरतं."

"उपासातलं तुला काय कळतं? मला विचार."

महिन्याच्या दोन्ही एकादश्या, चारही सोमवार आणि संकष्टी करणाऱ्या बाईपुढे मी काय बोलणार?  विषय संपला असं मला वाटलं.

तो संपला नव्हता. दुपारी सगळं घर वाळ्याचे ओले पडदे सोडून निजलं की आई तांदूळ धुतल्याचं, भांडी विसळल्याचं, आणि मला वाटतं स्वतःच्या पिण्यातलंही पाणी वाचवून कळशीत साठवलेलं, ते घेऊन बाहेर जाई आणि आमच्या दारापासच्या संत्र्याला घाली. एका दुपारी पाणी प्यायला उठले तेव्हा मी तिला पाहिलं. झाडाच्या बुडाशी उकिडवी बसून ती काहीतरी पुटपुटत होती. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. एक कळशी पाण्याने काय होतंय, असा विचार मी केला असेन. खरं म्हणजे तिला अडवायला मन होईना. आमच्या चुलत्यांकडे तिला दुपारी कोणी पाणी विचारत नसे.

ज्येष्ठ लागला. तीन संत्र्यांचे खराटे झाले होते. चौथं हिरवंगार उभं होतं आणि वर त्याला कोवळे धुमारे फुटले होते. एका सकाळी काकाजी त्याच्यापुढे थांबले ते बराच वेळ हललेच नाहीत. मग काकूंना हाक मारून म्हणाले, "हे झाड चोरून पानी पिऊन राहिलं."

आमच्या दारात आईच्या हातातलं सूप थांबलं.

"कुठून पिईन?" काकूंनी विचारलं.

काकाजींनी झाडाकडे पाहिलं, मग दहा हातांवरून केळीकडे जाणाऱ्या आमच्या न्हाणीच्या नालीकडे पाहिलं. "नाली झिरपून राहिली," ते म्हणाले, आणि कुदळ आणायला गेले.

माणसावर संशय घ्यावा हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांच्या अंगणात पाणी चोरणारं माणूस असू शकतं, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. मला उन्हाळ्याची सुट्टी होती, त्यामुळे पुढचे तीन दिवस मी दारातून सगळं पाहिलं, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

पहिल्या दिवशी त्यांनी निम्मी नाली उकरली. पासष्टीचा माणूस, बाहेर धोंडे तापलेले. आई आत येऊन म्हणाली, "मी सांगून टाकते."

"अजिबात बोलायचं नाही," मी म्हटलं.

"अगो, तो माणूस उन्हाने मरेल."

"आणि त्यांनी बाहेर काढलं तर आपण कुठे मरायचं? सांग ना. परत काकांकडे?"

आई सूप घेऊन खाली बसली. आईला मी असं कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सगळी नाली उघडी झाली. काकाजींनी एकेक खापर उचलून बोटाने वाजवून पाहिलं. एकही फुटलेलं नव्हतं. सांधे पाहिले, तेही धड होते. मग त्यांनी कपाटातून पाणसळ काढली, नोकरीतली, फडक्यात गुंडाळून ठेवलेली, आणि टोकापासून टोकापर्यंत उतार तपासला. तीन वेळा तपासला. काकू ताकाचा पेला घेऊन मागे मागे फिरत होत्या.

"बरोबर आहे न?" काकूंनी विचारलं.

"पानसळ म्हनते बरोबर आहे," काकाजी म्हणाले, "झाड म्हनते चूक आहे. झाड काहून खोटं बोलन?"

तिसऱ्या दिवशी त्यांनी कुदळीला हातच लावला नाही. उकरलेल्या मातीच्या ढिगावर बसून राहिले. छत्री नाही, डोक्याला शेला नाही. काकू शेजारी बसल्या. आमचं दार चार पावलांवर होतं, त्यामुळे आम्हांला सगळं ऐकू येत होतं.

"चाळीस फुटाच्या नालीत मले उतार समजत नाही," काकाजी म्हणाले, "त मंग तठी अकोल्याकडं किती लोकायचे धुरे म्या वाकडे टाकले अस्तीन?"

"काई बी बोलून राहिले तुमी. उन्हातून उठा पाहू."

"बाळापूरकडचे थे दोघं भाऊ आठवते का तुले? थो लहाना धुऱ्यावर बसून रडत होता. म्हने, साहेब, मायं वावर कमी भरलं, अजून एकदा मोजा. म्या मोजलं नाही. पानसळ दाखवली त्याले अन् हाकलून देल्लं." त्यांनी एक ढेकूळ उचलून चुरलं. "दोन वर्सानं थो वावर इकून गाव सोडून गेला. म्या म्हनलं, जाऊ दे, धुरा बरोबर होता. आता सांग, होता का?"

काकूंनी ताकाचा पेला पुढे केला, तो त्यांनी हाताने बाजूला सारला.

आई उठली. मी तिचा पदर धरला, खोटं कशाला सांगू. तिने तो माझ्या हातातून सोडवून घेतला आणि बाहेर जाऊन त्यांच्यापुढे उन्हात उभी राहिली.

"काकाजी, तुमचा उतार चुकलेला नाही. त्या झाडाला पाणी मी घालत होते."

काकाजींनी वर पाहिलं, पण त्यांना ते समजल्यासारखं दिसलं नाही.

"दुपारी," आई म्हणाली, "तुम्ही सगळे निजलात की. तुम्ही पाणी तोडलंत, त्या आठवड्यापासून."

"रोज?"

"रोज. एकादशीलासुद्धा."

"किती?"

"कळशीभर. कधी दीड."

आता मला आत बसणं शक्य नव्हतं. मी बाहेर गेले आणि घडाघडा बोलून मोकळी झाले. मला हे ठाऊक होतं, आईला मीच बोलू दिलं नाही, चूक तिची नाही माझी आहे, आम्ही खोली सोडतो, फक्त दुसरीकडे सोय होईपर्यंत आठ दिवस द्या. काकाजींनी हात वर करून मला गप्प केलं. डोळे मिटून ते बोटांवर काहीतरी मोजत होते.

"दीड कळशी. सव्वा मैना. वरतून आळं उकरलेलं," ते स्वतःशीच म्हणाले. "तेवढ्यानं ताण तुटते. बरोबर तुटते." त्यांनी डोळे उघडले. "म्हनजे नाली झिरपली नाही."

"नाही हो," आई म्हणाली.

"अन् उतार बरोबर आहे."

"मला उतारातलं काही कळत नाही. पण पाणी मी घातलं, एवढं खरं."

काकाजी आईकडे बघत राहिले. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली होती. वळकटी कशात बांधायची, इथवर पोचलेही होते.

"बाई," ते म्हणाले, "पानी द्याचंच होतं त भर दुपारी काहून देल्लं? तापल्या जमिनीत मुया उकडते न. संध्याकायी द्याचं असते."

"संध्याकाळी तुम्ही जागे असता," आई म्हणाली.

यावर काकू हसल्या. पदर तोंडाला लावला तरी हसू आवरेना. "अन् फुलं गेली न यंदा या झाडाची?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"जाऊ दे. पुढच्या साली येईन," काकाजी म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, खरंच काही न कळल्यासारखं, "खोलीचं काय म्हनून राहिल्या तुमी? खोलीचा काय संबंध?"

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच केळीच्या काठच्या कवेलूंवर बसले. आनंद म्हणावा असं ते नव्हतं. कोणीतरी डोक्यावरचं ओझं उतरून घेतल्यावर मान नुसती दुखायला लागते, तसं काहीतरी होतं.

पण काकाजींचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते काकूंकडे वळले होते, आणि त्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता.

"आयकलं काय वो?" ते म्हणाले. "धुरे सरय आहेत. सारे सरय आहेत."

"म्या कधी म्हनलं वाकडे आहेत?" काकू म्हणाल्या.

मग काकाजींनी खांद्यावरचा शेला तोंडावर घेतला आणि आम्हां तिघींसमोर, भर अंगणात, मोकळेपणाने रडले. मी मान फिरवली. आईने नाही फिरवली. काकूंच्या हातातला ताकाचा पेला घेऊन तो तिने काकाजींपुढे धरला आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत तिथेच त्या उकरलेल्या मातीत बसून राहिली.